उचलेल तेवढंच

खेळात माझा माणूस तीनशे किलो घेऊन पळतो.
सात तलवारी, चार ढाली, अस्वलाचं कातडं,
कुठल्याशा गुहेतून उचललेल्या चाळीस वाट्या,
आणि एवढं घेऊन वर उडीही मारतो.

मी सावद्याला केळीच्या काट्यावर बसतो.
घड तोलायचे, आकडा लिहायचा.
माणूस किती उचलतो हे मला कुणी शिकवू नये.
सिकंदर तडवी बागेच्या चिखलातून
दोन घड खांद्यावर घेऊन येतो
तेव्हा त्याच्या मानेची शीर दोराच्या पिळासारखी दिसते.
दोन घड म्हणजे पंचेचाळीस किलो, गाडीपर्यंत.
पळत नाही. उडी तर नाहीच.

म्हणून नियम केला : सिकंदर उचलेल तेवढंच.
बाकीचं तिथंच बर्फात ठेवून यायचं,
जीव कितीही तुटला तरी.

एक नियम केला की दुसरा मागोमाग येतो,
बिबड्या वाळत घातल्या की राखणीला माणूस लागतं, तसा.
नकाशावर बोट ठेवून पोचायचं नाही.
चालायचं, फैजपूरला चालत जावं तसं,
मधे पाणी पीत, कुत्रं अंगावर आलं तर थांबत.
मारामारीच्या मधोमध अकरा भाकरी खाऊन
जखमा भरायच्या नाहीत.
न विचारता कुणाच्या घरात शिरायचं नाही.
(पहिल्या वेळी मी अख्ख्या गावाची मडकी उपसली होती.
घरची माणसं समोर उभी राहून
मला 'या, प्रवासी' म्हणत होती.
अजून लाज वाटते.)

मे महिना. सेहेचाळीस अंश.
कूलर गरम वारा फेकतोय, बनियन पाठीला चिकटलंय,
आणि मी खिंडीत शेकोटी शोधतोय
कारण त्याचे हात गारठले असणार.
कुमुद दारात : 'काय करून राह्यले?'
'थंडी आहे,' म्हटलं.
ती काही बोलली नाही. पन्ह्याचा पेला ठेवून गेली.
पाच मिनिटांनी परत आली :
'मग त्याच्याजवळ पांघरायला काही नाही का?'

हे नियमात नव्हतं.
एक तलवार विकून घोंगडी घेतली.

खेळ जतन करायचा तो फक्त सराईत, डोकं टेकताना.
मधे लाइट गेली तर गेली.
आमचा इन्व्हर्टर पंख्याला आहे, शूरवीराला नाही.
एकदा तो नदी ओलांडून गेला होता, पहिल्यांदाच.
लाइट आली तेव्हा परत अलीकडे उभा,
पाय कोरडे.

सिकंदर हिशोबाला आला तेव्हा बराच वेळ बघत राहिला.
'हा कामाला कुठं जातो?'
'हा वीर आहे.'
'ते ठीक आहे भो. पण पोटाला?'
दुसऱ्या दिवसापासून त्याला लाकडं फोडायला लावलं.

आखाडात सिकंदरचा पाय बांधावरून घसरला.
पंधरा दिवसांनी आला तो एकच घड घेऊन,
दुसरा हात कमरेवर.
कुणी काही बोललं नाही. मीही नाही.
काट्यावर आकडा लिहिला : बावीस.

त्या रात्री चिलखत उतरवलं.
ढाल सराईच्या भिंतीला टेकवली.
मग धनुष्य, मग बापाची म्हणून जपलेली ती जड तलवार
(बाप खेळात नव्हता, तो मीच ठरवला होता).
उरली घोंगडी, कुऱ्हाड, तीन भाकरी.

डोंगरावर ड्रॅगन आहे.
गावचा मुखिया रोज तेच वाक्य बोलतो : आता तूच वाचव.
माझा माणूस ऐकून घेतो आणि लाकडं फोडायला जातो.
संध्याकाळी सराईच्या पायरीवर बसतो,
समोर बर्फ पडत असतो.
त्यानं कमरेवर हात ठेवावा असं फार वाटतं मला,
पण खेळात तसलं बटण नाही.

मग मीच ठेवतो.